भाड्याच्या खोलीतले सामान आणि विमा

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी एखादी खोली रिकामी असते. गावात शाळेचे मास्तर येतात, दवाखान्यातल्या नर्सबाई येतात, बँकेतले कारकून येतात. त्यांना बिऱ्हाड हवे असते. नुसत्या खोलीला भाडे कमी येते. खोलीत खाट, गादी, पंखा, कपाट असले म्हणजे भाडे बरे येते. म्हणून आपण पदरचे पैसे घालून सामान घेतो. सामान आपले, पण वापरतो दुसरा. त्याची काळजी कशी घ्यावी, ते आज पाहू.

प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो.

३ जून २०२० रोजी रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ आले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. घरांची कौले आणि पत्रे उडाले. तिकडे आमच्या ओळखीच्या एक बाई राहतात. यजमान वारलेले. दोन खोल्या सामानासकट भाड्याने द्यायच्या, त्यावर घर चालायचे. वादळात छप्पर गेले. गाद्या भिजल्या. पंखे, फ्रीज निकामी झाले.

बाई धीराच्या. म्हणाल्या, “बँकेने कर्ज देताना विमा उतरवला आहे. चिंता नाही.”

आम्ही तो कागद वाचून पाहिला. विमा फक्त इमारतीचा होता. सामानाचे नावही त्यात नव्हते. छपराचे पैसे मिळाले, सामानाचा एक पैसा मिळाला नाही. बाई म्हणाल्या, “गुरुजी, सही तर मीच केली होती हो! वाचले मात्र नव्हते.”

मंडळी, हे बोलणे आम्ही विसरलो नाही.

विमा म्हणजे काय?

पुष्कळ लोक दरवर्षी थोडे थोडे पैसे भरतात. त्याला हप्ता म्हणतात. ज्याच्यावर संकट येते, त्याला त्या पैशांतून भरपाई मिळते. भाड्याच्या घरात तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या :

१. इमारत, म्हणजे भिंती आणि छप्पर.
२. मालकाने खोलीत ठेवलेले सामान.
३. बिऱ्हाडकरूचे स्वतःचे सामान.

पहिल्याचा विमा उतरवला म्हणजे दुसऱ्याचा झालाच, असे समजू नये. तिसऱ्याचा विमा बिऱ्हाडकरूने स्वतः उतरवावा.

कशाची भरपाई मिळते?

१ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाचा विमा सुरू झाला आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप यांनी झालेले नुकसान त्यात येते. इमारतीचा विमा घेतला, तर तिच्या रकमेच्या २० टक्के एवढा सामानाचा विमा त्यात आपोआप धरतात. मात्र ही रक्कम १० लाख रुपयांवर जात नाही. पण खोली भाड्याने दिली असेल, तर ‘आपोआप’ या शब्दावर विसंबू नये. अर्जात तसे स्पष्ट लिहावे आणि सामानाची यादी जोडावी. रोजच्या भाड्याने पाहुणे ठेवत असाल, तर तेही लिहावे. ते या विम्यात बसते का, हे आधी विचारावे. लपवाछपवी केली, तर पुढे भरपाई अडते.

वापरून झिजलेली गादी, खाऱ्या हवेने गंजलेली खाट, यांची भरपाई मिळत नाही. नुसत्या चोरीचा विमा बहुधा वेगळा घ्यावा लागतो. बिऱ्हाडकरूने पंखा मोडला, तर त्यासाठी अनामत रक्कम आधीच घेऊन ठेवावी.

यादी कशी करावी?

किमती उदाहरणादाखल दिल्या आहेत.

लोखंडी खाटा २ — ८,००० रुपये
गाद्या २ — ४,००० रुपये
पंखे २ — ४,००० रुपये
कपाट १ — ९,००० रुपये
फ्रीज १ — १५,००० रुपये
एकूण — ४०,००० रुपये

यादीखाली तारीख घालावी. बिऱ्हाडकरूची सही घ्यावी. एक प्रत त्याला द्यावी, एक आपण ठेवावी. फोनवर सामानाचे फोटो काढावे. दुकानाच्या पावत्या जपाव्या. मूळ कागद घरात ठेवले, तरी त्यांच्या नकला नातेवाइकाकडे ठेवाव्या. घराबरोबर कागदही वाहून गेले, तर दाखवणार काय?

नुकसान झाले तर

विमा कंपनीला लगेच कळवावे. चोरी झाली असेल, तर पोलिसांतही वर्दी द्यावी. कंपनीचा माणूस पाहणी करीपर्यंत मोडके सामान फेकू नये. कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही, किंवा उत्तर पटले नाही, तर विमा लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला फी पडत नाही.

तहान लागल्यावर विहीर खणू नये. त्या बाईंनी आता सामानाचाही विमा घेतला आहे. यादी त्यांनी स्वतः लिहिली, आणि सही करण्याआधी कागद दोनदा वाचला. तुम्हांलाही आता वाचता येते. आज संध्याकाळी दिव्याजवळ बसा आणि आपल्या खोलीतल्या सामानाची यादी करा.

प्रश्न

१. बाईंना सामानाचे पैसे का मिळाले नाहीत?
२. बिऱ्हाडकरूच्या सामानाचा विमा कोणी घ्यावा?
३. यादीखाली काय काय असावे?