इमल्शन रंगाचा थर: कसा जमतो, का बिघडतो

भिंतीला लावायच्या इमल्शन किंवा प्लास्टिक पेंटमध्ये बाइंडरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेले असतात. त्यांच्या जोडीला रंगद्रव्य आणि खडूसारखी भर असते. बाइंडर म्हणजे ॲक्रिलिक, स्टायरीन-ॲक्रिलिक किंवा व्हिनाइल ॲसिटेट जातीचे पॉलिमर. त्याचा कण साधारण 0.1 ते 0.3 मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट लहान. तेलरंग हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतो. इमल्शनचे तसे नाही. पाणी उडून गेले की कण जवळ येतात, दाटीने रचले जातात, दबून चपटे होतात आणि अखेर त्यांच्या सीमा पुसल्या जाऊन सलग थर तयार होतो. हा शेवटचा टप्पा अर्धवट राहिला तर भिंत हाताला कोरडी लागते, पण थर जमलेला नसतो. भिंतीची भुकटी सुटणे, पोपडे उडणे, पुसताना रंग निघणे या तक्रारींचे मूळ पुष्कळदा इथेच सापडते.

कण एकजीव व्हायचे तर ते मऊ हवेत आणि थर टिकायचा तर तो कडक हवा. हा पेच कोअलेसंट नावाचे द्रव्य सोडवते. टेक्सॅनॉल हे त्यातले सर्वात परिचित. ते कणांत शिरून त्यांना तात्पुरते मऊ करते आणि थर जमल्यावर सावकाश उडून जाते. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे 255 अंश सेल्सिअस असल्यामुळे पाणी संपल्यावरही ते मागे उरते. म्हणून रंग तासाभरात सुकला तरी त्याला पूर्ण कडकपणा यायला काही आठवडे लागू शकतात. तोवर भिंत घासून धुऊ नये.

प्रत्येक रंगाला थर जमण्याचे किमान तापमान असते. त्याखाली कण मऊच होत नाहीत आणि थर चिरतो किंवा भुकटीसारखा राहतो. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी हिवाळ्यात दिवस उबदार असला, तरी संध्याकाळी लावलेला रंगाचा हात रात्रीच्या थंडीत अडकतो. तिथे काम सकाळी उशिरा सुरू करून दुपारीच आटोपावे. विदर्भातल्या मे महिन्यात उलटे घडते. तापलेल्या भिंतीवर पाणी इतक्या वेगाने उडते की कणांना नीट रचले जायला सवड मिळत नाही आणि दोन पट्टे जुळतात तिथे जोडखुणा उमटतात. रंगात घातलेले प्रॉपिलीन ग्लायकॉल त्याची कड काही काळ ओली ठेवते, पण भर उन्हापुढे त्याचेही चालत नाही. भिंत सावलीत आली की मगच रंगवावी.

थराचा गुळगुळीतपणा थिकनरवर अवलंबून असतो. ब्रश फिरताना रंग पातळ व्हावा, ब्रश उचलल्यावर खुणा मिटेपर्यंत वाहावा आणि ओघळण्याआधी पुन्हा घट्ट व्हावा, हा तोल थिकनर सांभाळतो. सेल्युलोजपासून बनवलेले थिकनर स्वस्त पडतात. पॉलियुरेथेन जातीचे थिकनर रंग अधिक सपाट बसवतात आणि रोलरचे शिंतोडे कमी करतात. बेसुमार पाणी घातले की हा तोल मोडतो आणि थरही बारीक होतो. आकारमानाने 35 टक्के घन भाग असलेला एक लिटर रंग 10 चौरस मीटरवर लावला तर सुकलेला थर 35 मायक्रॉनचा होतो. त्यात अर्धा लिटर पाणी मिसळून तोच रंग 15 चौरस मीटरवर पसरला तर थर 23 मायक्रॉनवर येतो. वाचलेला रंग पुढच्या पावसात महागात पडतो. म्हणून पाणी डब्यावर लिहिले आहे तेवढेच आणि मोजून घालावे.

थिकनरखेरीज रंगात इतरही द्रव्ये असतात. डिस्पर्संट टायटॅनियम डायऑक्साइड या रंगद्रव्याचे कण सुटे ठेवतो, त्यामुळे रंग एकसारखा झाकतो. वेटिंग एजंट पृष्ठताण कमी करून रंग भिंतीवर पसरवतो. डिफोमर फेस मोडतो. तो कमी पडला तर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे राहतात आणि जास्त झाला तर थरात खळगे पडतात. कारखान्यात जुळवलेल्या या मेळात धुण्याची पूड, रॉकेल किंवा लाकडाचा पांढरा गोंद घालू नये. बाहेरच्या भिंतीवर तर हा गोंद पाण्याने पुन्हा मऊ पडतो.

रंगात घातलेली जंतुनाशके डब्यातला रंग नासू देत नाहीत. पाणी मिसळले की त्यांचीही तीव्रता घटते. म्हणून पातळ केलेला उरलेला रंग मूळ डब्यात परत ओतू नये. जिवाणूंनी सोडलेली विकरे सेल्युलोजचा थिकनर तोडतात. मग जिवाणू मेले तरी रंगाचा दाटपणा परत येत नाही. वास मारणारा किंवा झाकण फुगलेला डबा वापरू नये. भिंतीवरच्या बुरशी-शेवाळासाठी वेगळी द्रव्ये असतात. तीही जुनी बुरशी खरवडून, धुऊन, भिंत वाळवल्यावरच उपयोगी पडतात.

कोकणात गणपतीआधी, ऐन पावसाळ्यात घर रंगवायची घाई असते. दमट हवेत पाणी लवकर उडत नाही, ओलाव्यात रंगातले सर्फॅक्टंट (वेटिंग एजंटसारखे पृष्ठताण घटवणारे द्रव्य) वर येते आणि तपकिरी, चकचकीत ओघळ दिसू लागतात. नुसते ओघळ असतील तर ते साध्या पाण्याने लवकर धुऊन टाकावेत. पण भिंतीच्या आतच ओल असेल तर रंगाला फुगे येतात आणि कोणतेही द्रव्य ते थांबवू शकत नाही. नवा सिमेंटचा गिलावाही असाच दगा देतो. त्याचा सामू 12 ते 13 असतो आणि व्हिनाइल ॲसिटेट जातीचे बाइंडर त्यात विघटन पावते. गिलाव्याला निदान 28 दिवस द्यावेत, तो वाळल्याची खात्री करावी आणि अल्कली सोसणारा प्रायमर लावावा.

मंद वासाच्या रंगांत कोअलेसंट कमी असते किंवा नसतेच आणि बाइंडर मुळातच मऊ घेतलेले असते. भिंतीला ते चालते. दारे-खिडक्यांच्या चौकटींवर मात्र मऊ थर एकमेकांना चिकटतात, तेव्हा तिथे लाकडासाठीचा कडक रंग निवडावा.

रंगातली द्रव्ये भिंतीची ओल, थंडी, ऊन आणि घाई यांची भरपाई करू शकत नाहीत. रंग निवडायला जितका वेळ दिला जातो तितकाच भिंत वाळायला द्यावा आणि डब्यावरची सूचना रंगाऱ्यासोबत बसून आधी वाचावी.