पाण्याच्या गाठीचा रोग : निदान, उपचार व शाळेचे कार्य

मुंबई उपनगरातील गावठाणांत व आरेच्या परिसरातील पाड्यांवर माणूस, गुरेढोरे, शेळ्या व कुत्री यांचा सहवास निकटचा असतो. या सहवासातून उद्भवणारा एक रोग म्हणजे हायडॅटिड, अर्थात पाण्याच्या गाठीचा रोग. मांस खाल्ल्याने तो माणसाला होतो, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. शुद्ध शाकाहारी मनुष्यासही हा रोग होऊ शकतो. हे मुलांना समजावून देणे हाच प्रस्तुत पाठाचा मुख्य उद्देश होय.

रोगाचे चक्र : या रोगाचा पट्टकृमी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर लांबीचा असून तो कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवत, भाजी व पाणी यांत मिसळतात. ती शेळी, मेंढी, म्हैस किंवा डुक्कर यांच्या पोटात गेली की त्यांच्या यकृतात व फुप्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी वाढतात. असे कच्चे अवयव कुत्र्याने खाल्ले म्हणजे सुमारे ६ ते ७ आठवड्यांत त्याच्या आतड्यातील कृमी अंडी देऊ लागतात. माणूस या चक्रात अपघाताने सापडतो : न धुतलेले हात व भाजी हीच त्याची वाट.

माणसातील निदान : गाठ वर्षानुवर्षे निमूटपणे वाढते. यकृतात असल्यास उजव्या बरगडीखाली जडपणा व दुखणे, फुप्फुसात असल्यास खोकला व धाप ही लक्षणे दिसतात. पोटाच्या गाठीसाठी सोनोग्राफी व छातीसाठी क्ष-किरण चित्र ही निदानाची प्रमुख साधने होत. रक्ततपासणी पूरक आहे. ती निर्दोष आली म्हणून रोग नाही असे ठरत नाही. गावठी उपचार करणाऱ्याकडून गाठीत सुई टोचून घेणे, ती चोळणे किंवा दाबणे हे मात्र प्राणघातक ठरू शकते. गाठ फुटून आतील द्रव पसरला तर रोगी एकाएकी अत्यवस्थ होतो, आणि नवीन गाठींचे बीजारोपणही होते.

उपचार : गाठीचे स्थान, आकार व अवस्था पाहून डॉक्टर उपचार ठरवतात. काही गाठींना अल्बेंडाझोल हे औषध पुरते; ते घेताना यकृताची व रक्ताची तपासणी वेळोवेळी करावी लागते. काही गाठींतील द्रव तज्ज्ञ डॉक्टर औषधाच्या संरक्षणाखाली रुग्णालयातच काढतात, तर काहींना शस्त्रक्रिया लागते. निर्जीव झालेल्या गाठीवर केवळ लक्ष ठेवले तरी चालते.

जनावरांतील निदान व उपाय : शेळ्यामेंढ्यांत बाह्य लक्षणे बहुधा दिसत नाहीत. कापल्यानंतरच्या तपासणीत गाठी उघडकीस येतात. देवनार येथे १९७१ पासून असलेल्या महानगरपालिकेच्या पशुवधगृहात अशी पशुवैद्यकीय तपासणी होते. घरी कापलेल्या बोकडाची मात्र ती होत नाही. म्हणून गाठी असलेले अवयव कुत्र्यांपुढे न टाकता जाळावेत किंवा खोल पुरावेत. कुत्राही निरोगीच दिसतो. त्यास पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरावीक काळाने प्राझिक्वांटेल द्यावे. हे औषध कृमी मारते, अंडी मारत नाही. सबब औषधानंतरचे दोन-तीन दिवस विष्ठा काळजीपूर्वक पुरावी.

शाळेचे कार्य : फळ्यावर कुत्रा, शेळी व मनुष्य यांचे चित्र काढून बाणांनी चक्र दाखवावे, व “हे कोठे तोडता येईल?” असा प्रश्न वर्गास विचारावा. मुले स्वतःच तीन ठिकाणे सांगतील : टाकाऊ अवयव, कुत्र्याचे औषध, हातांची स्वच्छता. कोणाच्या घरच्या व्यवसायावरून वा आहारावरून मुलास कोणी हिणवणार नाही आणि कुत्र्यांना कोणी दगड मारणार नाही, याकडे शिक्षकांनी लक्ष द्यावे.

अशा शिकवणीने काय साधते, याचे उदाहरण आइसलँडचे आहे. तेथे हा रोग घरोघरी होता. १८६३ साली डेन्मार्कचे कृमिशास्त्रज्ञ हाराल्ड क्रॅबे यांनी तेथील कुत्र्यांची तपासणी केली. त्यानंतर साध्या भाषेतील माहितीपुस्तिका कुटुंबांपर्यंत पोहोचवण्यात आली, पुढे कायदे झाले, आणि विसाव्या शतकात रोग तेथून नाहीसा झाला. औषधे उपलब्ध होण्यापूर्वीच लोकशिक्षणाने हे कार्य आरंभिले, ही गोष्ट आपणा शिक्षकांस ध्यानी धरण्यासारखी आहे. पोटात गाठ लागते, खोकला हटत नाही, असे एखाद्या पालकाने सांगितल्यास त्यास विनाविलंब महानगरपालिकेच्या रुग्णालयाची वाट दाखवावी.