नवजात बाळाचा हात वाचताना

विद्यार्थिदशेत ‘ब्रेकियल प्लेक्सस’ची आकृती काढावयाची म्हटली की उरात धडकी भरे. पाच मुळे, तीन ट्रंक, सहा डिव्हिजन, तीन कॉर्ड! परीक्षेपुरते पाठ करावे आणि विसरून जावे, असा आम्हा बहुतेकांचा प्रघात होता. माझ्या विस्मरणाची किंमत मात्र एका मुलीने मोजली. म्हणूनच आपल्या स्मरणिकेच्या वाचकांसमोर, विशेषतः वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर, हा विषय मांडत आहे.

मानेतील सी-५ ते सी-८ आणि छातीतील टी-१ या मज्जातंतूंच्या पुढील शाखांपासून हाताचे हे जाळे विणले जाते. सी-५ व सी-६ एकत्र येऊन वरचा ट्रंक बनतो. प्रसूतीच्या वेळी डोके बाहेर येऊन खांदा आईच्या जघनास्थीमागे अडकला, की मान व खांदा यांमधील अंतर ताणले जाते आणि त्या ताणाचा पहिला आघात या वरच्या ट्रंकवर होतो. ड्युशेन यांनी १८७२ मध्ये व एर्ब यांनी १८७४ मध्ये या अर्धांगाचे वर्णन केले.

लक्षणे पाठ करू नयेत, ती स्नायूंवरून ताडावीत. डेल्टॉइड व सुप्रास्पायनेटस दुबळे, म्हणून हात खांद्यातून उचलला जात नाही. इन्फ्रास्पायनेटस दुबळा, म्हणून तो बाहेर वळत नाही. बायसेप्स व ब्रेकियालिस दुबळे, म्हणून कोपर वाकत नाही. बायसेप्स तळहात वर फिरवण्याचेही काम करतो, म्हणून तळहात मागे वळलेला राहतो. सी-७ लाही इजा असेल तर मनगट वाकलेले राहते. पुस्तकातील ‘वेटर्स टिप’ ती हीच.

आता बाळाची तपासणी. मोरो प्रतिक्षेपात एकच हात उघडतो. दुखऱ्या बाजूच्या तळहातात आपले बोट ठेवले तर बाळ ते घट्ट धरते, कारण बोटे मिटणारे स्नायू मुख्यतः सी-८ व टी-१ वर चालतात. ती पकडही नसेल, पापणी खाली आलेली व बाहुली लहान झालेली असेल, तर इजा टी-१ पर्यंत पोहोचली आहे असे समजावे. डोळ्याच्या या खुणांचा संबंध ऑगस्टा क्लुंपके यांनी १८८५ मध्ये उलगडला. श्वासाकडेही लक्ष द्यावे, कारण श्वासपटलाचा मज्जातंतू सी-३ ते सी-५ मधून येतो. गळ्याचे हाड अवश्य चाचपावे. ते मोडले असले तरी वेदनेमुळे बाळ हात हलवीत नाही.

मी निवासी डॉक्टर असताना असेच एक बाळ पाहिले. निदान अचूक केले आणि आईला म्हणालो, “काळजी करू नका, आपोआप बरे होईल. वर्षभर वाट पाहा.” बहुसंख्य बाळे बरी होतात हे खरे, ते बाळ त्यांतले नव्हते. सहा वर्षांनी ती मुलगी पुन्हा आली. घास तोंडाशी नेताना तुतारी फुंकणाऱ्यासारखे तिचे कोपर वर जाई. आई म्हणाली, “डॉक्टर, वेणी घालायला हिचा हात मागेच जात नाही हो.” त्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मज्जातंतू केवळ ताणला असेल तर तो सावरतो, तुटला असेल तर आपोआप सांधला जात नाही. त्याची वाढ दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. तोवर मज्जातंतूविना राहिलेला स्नायू झिजत जातो आणि आत वळलेला खांदा तसाच आखडतो. म्हणून ३ महिन्यांच्या वयापर्यंत बाळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध कोपर वाकवू लागले नाही, तर मज्जातंतूंच्या शस्त्रक्रियेतील तज्ज्ञाकडे पाठवावे. संपूर्ण हात लुळा असून डोळ्याची खूणही दिसत असेल, तर तेवढेही थांबू नये. दरम्यान फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने आईला हलके व्यायाम शिकवावेत. कोपर अंगाशी ठेवून हात हळुवार बाहेर वळवणे हा त्यांतील मुख्य होय. बाळाला हाताला धरून उचलू नये, हे घरातील आजीलाही सांगावे.

‘आपोआप बरे होईल’ हे वाक्य मी अजूनही उच्चारतो, पण त्यासोबत तिसऱ्या महिन्याची तारीख कागदावर लिहून आईच्या हाती देतो.