सातबारा उघडेना

आबा सकाळीच नातीजवळ येऊन बसले. पीककर्जासाठी बँकेत सातबारा द्यायचा होता. सरकारच्या महाभूमी संकेतस्थळावर १५ रुपये भरले, की डिजिटल सहीचा सातबारा मिळतो. आबांनी तो काल तालुक्याच्या सेवा केंद्रातून पेनड्राइव्हवर आणला होता. पण फाईल उघडायला गेलं, की पडदा क्षणभर पांढरा होई आणि प्रोग्रॅम आपोआप बंद पडे. तीनदा केलं, तीनदा तेच.

"पोरी, पैसे बुडाले म्हणायचे. बँकेचा साहेब तर आजच कागद मागतोय!"

"थांबा आबा. आधी दुखणं कुठं आहे ते बघू."

मंडळी, हे नीट समजून घ्या. सातबारा, आधार, विजेचं बिल असे कागद संगणकावर बहुधा पीडीएफ या रूपात येतात. अ‍ॅडोबी नावाच्या अमेरिकन कंपनीने १९९३ साली हे रूप काढले. कुठल्याही संगणकावर कागद जसाच्या तसा दिसावा, रकाना इकडचा तिकडे होऊ नये, हा त्यातला हेतू. पण तो वाचायला वेगळा प्रोग्रॅम लागतो. फाईल म्हणजे पत्र आणि प्रोग्रॅम म्हणजे चष्मा, असे समजा. मग पत्र फाटलंय की चष्मा फुटलाय, हे आधी पाहायला नको का?

नातीने तेच केले. त्याच प्रोग्रॅममध्ये विजेचं जुनं बिल उघडलं. ते झटकन उघडलं. मग सातबाऱ्याची फाईल ब्राउझरमध्ये, म्हणजे इंटरनेट पाहण्याच्या प्रोग्रॅममध्ये, उघडून पाहिली. क्रोम, एज, फायरफॉक्स या तिघांनाही पीडीएफ वाचता येते. तिथेही ती उघडेना. म्हणजे चष्मा धड होता, पत्रच फाटलं होतं.

"आबा, पेनड्राइव्ह कसा काढला होता?"

"एस. टी. चुकत होती गं. ओढला आन् निघालो."

फाईल पुरती उतरण्याआधीच पेनड्राइव्ह उपसला, की ती अर्धवट राहते. नातीने केंद्रात फोन लावला. मूळ फाईल त्यांच्या संगणकात होतीच. त्यांनी ती ईमेलने पाठवली. सातबारा उघडला. गट नंबर, क्षेत्र, नाव, सगळं जागेवर!

पण छापायला गेल्यावर प्रोग्रॅम पुन्हा बंद! आबांनी कपाळाला हात लावला. नातीने तीच फाईल ब्राउझरमध्ये उघडून तिथून छापली. कागद सुरळीत आला. अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये, छापताना 'अ‍ॅडव्हान्स्ड' मध्ये जाऊन 'प्रिंट अ‍ॅज इमेज' वर खूण केली, तरी पुष्कळदा भागते.

आता, कुठलीच फाईल उघडत नसेल तर दोष प्रोग्रॅमचा धरावा. संगणक बंद करून पुन्हा सुरू करा. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्या. अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या 'हेल्प' यादीत दुरुस्तीची सोय असते, ती वापरून पाहा. तेवढ्याने भागलं नाही, तर तो काढून टाका आणि कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच नवा घ्या. पडद्यावर मध्येच "तुमचा संगणक बिघडला, या नंबरवर फोन करा" असं आलं, तर मुळीच फोन करू नका. ते लुबाडणारे लोक असतात.

आणि आधारची फाईल परवलीचा शब्द मागते, तो काही बिघाड नव्हे. नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि पुढे जन्माचे वर्ष, हाच तो शब्द.

"साहेबानं कागद नको, फाईलच दे म्हटलं तर?" आबांनी विचारले.

"तर केंद्रातून आलेली मूळ फाईलच पाठवू. छापायच्या बटणावरून नवी पीडीएफ केली, तर दिसायला तशीच दिसते, पण डिजिटल सही तिच्यात उरत नाही."

आबांनी कागद पिशवीत ठेवला. मग खिशातून पेनड्राइव्ह काढला. "जायच्या आधी हा काढायचा कसा, ते दाखव."

नातीने तो लावला, त्याच्या चित्रावर उजवे बटण दाबले आणि 'इजेक्ट' हा शब्द दाखवला. आबांनी तो स्वतः दाबून पाहिला, दोनदा.