लिव्हरचा आजार आणि छातीतली धडधड

ताईंनो, मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "ह्यांचं लिव्हर खराब सांगितलंय. आता उठलं की घेरी येते, छातीत धडधडतं. अशक्तपणाच असंल ना?" आपण सगळ्या असंच समजतो. पण दर वेळी तो अशक्तपणा नसतो.

लिव्हर कडक झालं, म्हणजे सिरोसिस झाला, की हृदयावरही परिणाम होतो. एका ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला हृदयाला थोडा वेळ लागतो. सिरोसिसच्या बऱ्याच रुग्णांत हा वेळ लांबतो. एरवी काही जाणवत नाही, फक्त ईसीजीत दिसतं. पण पोटातलं पाणी उतरवायच्या गोळ्यांनी लघवी जास्त झाली किंवा जुलाब लागले, की रक्तातलं पोटॅशियम कमी होतं आणि ठोके बिघडू शकतात. दारू चालू असेल तर तेही एक कारण. (हे घरात कसं बोलायचं, ते आपल्याला माहीतच आहे.)

मला जास्त काळजी वाटते ती दुकानातून आणलेल्या गोळ्यांची. उलटीवरची डोमपेरिडोन, घसा-खोकल्यासाठी घेतात ती ॲझिथ्रोमायसिन, या गोळ्या तोच वेळ आणखी लांबवू शकतात. गोळ्या वाईट नाहीत, पण या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. आणि चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने बंदही करू नका.

धडधड, घेरी असेल तर फाईल घेऊन सरकारी दवाखान्यात जा. ईसीजी आणि पोटॅशियमची तपासणी करायची का, ते विचारा. ईसीजीला सुई टोचत नाहीत, पाच-दहा मिनिटांत होतो. माणूस बेशुद्ध पडला तर थांबू नका, लगेच १०८ ला फोन लावा.