गौरींसाठीच्या गोळ्या

आमच्याकडे उभ्याच्या गौरी. थोरली सून म्हणून आवाहनापासून विसर्जनापर्यंत तिन्ही दिवस माझ्याकडेच. भाद्रपद जवळ आला की सासूबाई विचारायच्या, "गोळ्या आणल्यास का गं?" कोपऱ्यावरचा मेडिकलवाला चिठ्ठी मागायचा नाही, पाळी पुढे ढकलायच्या म्हटलं की पट्टी हातात. गौरी, नवरात्र, पुतण्याची मुंज... १२ वर्षांत किती पट्ट्या संपल्या, मोजल्या नाहीत.

त्या वर्षी पूजनाच्या सकाळी पुरण वाटताना डावी पोटरी ठणकायला लागली. फार वेळ उभी होते, म्हणून तेल चोळलं. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या, तेव्हा डाव्या पायातलं पैंजण मांसात रुतलं होतं आणि उजव्यातलं सैल होतं. विसर्जन होईतो थांबले. सोनोग्राफीत शिरेत रक्ताची गुठळी निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला झालं होतं असं?" माझ्या आईला झालं होतं, बाळंतपणानंतर. इतक्या वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. पुढे ६ महिने रक्त पातळ करायची औषधं चालली.

पाळी पुढे ढकलायच्या या गोळीत नॉरएथिस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं. शरीरात त्याचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि गुठळीचा धोका वाढतो. बहुतेकींना काही होत नाही, हे खरं. पण आपण त्या बहुतेकींतल्या आहोत का, ते दुकानाच्या काउंटरवर कळत नाही. तुम्हाला किंवा आई-बहिणीला गुठळी झाली असेल, अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे चमकत असेल, यकृताचा आजार किंवा स्तनाचा कर्करोग असेल, दिवस गेल्याची शंका असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय गोळी घेऊ नका. आणि या गोळीने गर्भ राहायचा टळत नाही, हेही लक्षात ठेवा. एकच पाय सुजला, दम लागला, छातीत दुखलं, तर चोळत बसू नका. पूजा अर्ध्यावर टाकून दवाखाना गाठा.

दवाखान्यातून आल्यावर मी सासूबाईंना म्हटलं, "पाळीतल्या शिवाशिवीचा दोष जावा म्हणून तुम्ही ऋषिपंचमी धरता ना? मग दोष मानला तरी त्यावरचा उपाय तुमच्या व्रतातच आहे. गोळी कुठल्या पोथीत सांगितलीय?" त्या काही बोलल्या नाहीत.

गेल्या भाद्रपदात नेमकी आवाहनाला पाळी आली. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग धाकट्या जावेला म्हणाल्या, "गौरींना साडी तू नेसव." आणि पडवीत माझ्यासाठी खुर्ची ठेवली, समोर एक स्टूल. "पाय वर घेऊन बस," म्हणाल्या.