जुन्या लेन्सचा उडालेला रंग : किती भरावा, कोठे थांबावे

१९९१ पूर्वीच्या भारतात चांगला कॅमेरा घरी येणे ही सहज घडणारी गोष्ट नव्हती. आयातीवर निर्बंध होते, जकात भारी होती. परदेशाहून परतणाऱ्या आप्ताच्या सामानातून एखादी जपानी वा जर्मन लेन्स आली, की पुढची तीस-चाळीस वर्षे तीच घराण्याची लेन्स होऊन राही. मुंजीपासून साठीशांतीपर्यंतचे सारे प्रसंग तिनेच टिपले. साहजिकच तिच्या काळ्या अंगावरचा रंग बोटांच्या जागी उडाला, कडांशी पिवळे पितळ किंवा पांढुरके ॲल्युमिनियम दिसू लागले, आणि कड्यांवरील आकडे पुसट झाले. आज अशी लेन्स कपाटातून बाहेर निघते तेव्हा घरातील तरुण पिढीचा पहिला विचार असतो, तिला पुन्हा नवी करावी. हा विचार स्वाभाविक आहे. तो अंमलात आणण्यापूर्वी मात्र लेन्सवरचा कोणता रंग कशासाठी लावलेला असतो, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

बेंगळुरूसारख्या शहरात हा प्रश्न वारंवार उद्भवतो. जी. के. व्हेल यांचा १९१० पासूनचा स्टुडिओ, १९७१ मध्ये स्थापन झालेली यूथ फोटोग्राफिक सोसायटी, ई. हनुमंत राव आणि टी. एन. ए. पेरुमाळ यांच्यासारखे वन्यजीव छायाचित्रकार यांच्यामुळे येथे हौशी छायाचित्रणाची परंपरा चांगलीच रुजली. परिणामी जुन्या लेन्सही येथे पुष्कळ आहेत. चिकपेटेच्या परिसरात रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात भांडी, घड्याळे, कुलपे यांच्या शेजारी कधी एखादा कॅमेराही मांडलेला दिसतो. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील या शहराची हवा मुंबई-कोकणच्या मानाने लेन्सला पुष्कळच सोसते. पावसाळा येथेही असतोच, आणि चामड्याच्या बंद पेटीत वर्षानुवर्षे ठेवलेल्या लेन्सला बुरशी कोणत्याही शहरात सोडत नाही.

येथे शब्दांचा थोडा खुलासा करावा लागेल. भिंग म्हणजे काच. लेन्स म्हणजे अनेक भिंगे, त्यांना धरणारी नळी, कडी, पाती आणि आटे मिळून झालेले सबंध यंत्र. या यंत्रावर रंग एकाच प्रकारचा नसतो, आणि सगळा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

नळीच्या बाहेरील काळेपणा हा जुन्या पितळी लेन्सवर खरोखरीच रंग असतो. भट्टीत भाजून बसवलेले काळे लाखेसारखे लेपन. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमचा वापर वाढला आणि काळेपणा वेगळ्या रीतीने येऊ लागला. ॲल्युमिनियम आम्लाच्या कुंडात ठेवून त्यातून वीजप्रवाह सोडला, की पृष्ठभागावर ऑक्साइडचा कठीण, सच्छिद्र थर चढतो. त्या छिद्रांत काळे रंजकद्रव्य मुरवून ती बंद केली जातात. यास ॲनोडीकरण म्हणतात. हा रंग धातूवर बसलेला नसून धातूच्याच थरात मुरलेला असतो. तो खरवडला गेला तर त्या एवढ्याशा जागेवर घरी ॲनोडीकरण करता येत नाही. वरून काळा रंग लावला तर तो निराळ्याच चकाकीने चमकतो आणि झाकलेला ओरखडा अधिकच डोळ्यांत भरतो. पितळी लेन्सवर कुशल हाताने लावलेला ठिपका बेमालूम दिसू शकतो. ॲल्युमिनियमवर तसे क्वचितच घडते. म्हणून हाती घेतलेल्या लेन्सवर उघडे पडलेले धातूचे अंग पिवळे आहे की पांढरे, हे आधी पाहावे. निम्मा निर्णय तेथेच होतो.

सगळा बाह्य रंग शोभेसाठी असतो, असेही नाही. क्रीडासामन्यांच्या वेळी मैदानाच्या कडेला दिसणाऱ्या कॅननच्या लांब पल्ल्याच्या लेन्स पांढऱ्या असतात, कारण उन्हात काळी नळी तापते आणि अशा लेन्समध्ये वापरले जाणारे फ्लुओराइटचे भिंग उष्णतेने साध्या काचेपेक्षा अधिक प्रसरण पावते. अशा लेन्सवरचे ओरखडे काळ्या शाईने झाकणारा मनुष्य निदान तिच्या कर्त्यांच्या हेतूविरुद्ध वागतो.

यापेक्षा महत्त्वाचा काळा रंग लेन्सच्या पोटात असतो, आणि तो बहुतेकांनी कधी पाहिलेलाही नसतो. भिंगाच्या घासलेल्या कडेला सर्व बाजूंनी काळा लेप दिलेला असतो. त्याचे कारण साधे आहे. काचेत शिरलेला तिरपा प्रकाश कडेशी पोहोचतो. कडेबाहेर हवा असेल तर त्याचा मोठा भाग आत परावर्तित होतो आणि चित्रावर धुकट पडदा पसरवतो. काळ्या जागा राखाडी दिसू लागतात. हवेऐवजी काचेच्या जवळपास अपवर्तनांक असलेला काळा लेप कडेला घट्ट चिकटलेला असेल, तर प्रकाश काचेतून लेपात शिरतो आणि तेथेच शोषला जातो. काही दशकांनंतर हा लेप जागोजाग सुटतो. मध्ये हवेची बारीक पोकळी तयार होते आणि समोरून पाहताना भिंगाच्या काठाशी चंदेरी ठिपक्यांची माळ दिसते. जुन्या बाजारात अनेकजण या ठिपक्यांना बुरशी समजून घाबरतात. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी किंवा मुळांसारखी फांद्या फुटत वाढते. सुटलेला लेप काठाला धरून राहतो आणि पसरला तरी काठानेच पसरतो. ठिपके थोडे असतील तर छायाचित्रात त्यांचा परिणाम जाणवतही नाही. खरेदीच्या वेळी हा भेद ओळखता आला, तर चांगली लेन्स भीतीपोटी नाकारली जात नाही आणि बुरशीने काच कोरलेली लेन्स हौसेपोटी गळ्यात पडत नाही.

भरकटलेल्या प्रकाशाचा हा प्रश्न किती गंभीर होऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण बेंगळुरूमध्येच आहे. कोरमंगला येथील भारतीय खगोलभौतिकी संस्थेने आदित्य-एल१ या यानासाठी सूर्याच्या प्रभामंडलाचे निरीक्षण करणारे उपकरण तयार केले. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी आपल्या नियोजित कक्षेत पोहोचले. सूर्यबिंबाच्या मानाने प्रभामंडलाचे तेज दशलक्षांशाच्या आसपास. म्हणजे आरशावरची सूक्ष्मशी खडबड किंवा नळीतला एखादा चमकणारा कोपरा सारे दृश्य पुसून टाकण्यास पुरेसा. म्हणून या उपकरणाचा मुख्य आरसा असाधारण गुळगुळीत घासावा लागला आणि नको असलेला प्रकाश अडवणे, शोषणे हाच रचनेचा गाभा ठरला. घरातील पन्नास मिलिमीटरच्या लेन्सकडून कोणी सूर्याचे प्रभामंडल मागत नाही. तरीही खिडकीसमोर बसलेल्या आजीचे चित्र फिकट येणे आणि प्रभामंडल न दिसणे, यांमागील शास्त्र एकच आहे.

म्हणूनच पोटातल्या लेपाचे काम घरी करू नये. भिंगे काढण्यासाठी खास पाने लागतात. त्यांचा क्रम आणि बाजू चुकली तर लेन्स पुन्हा नीट जुळत नाही. जुन्या लेन्समधील दोन भिंगे कॅनडा बाल्सम या राळेने एकत्र चिकटवलेली असतात आणि द्रावक वा उष्णता लागली तर तो जोड बिघडतो. जाणकार दुरुस्तीकार कडेला पुन्हा काळी शाई किंवा पातळ काळा रंग देतो. त्याला तेवढ्यासाठीच लेन्स उघडावयास लावणेही बहुधा शहाणपणाचे नसते. बुरशी काढण्यासाठी किंवा पातींवरचे तेल पुसण्यासाठी ती उघडली जाणारच असेल, तर त्याच वेळी हे काम सांगावे.

घरी निर्धास्तपणे हाती घेण्याजोगे काम एकच : कड्यांवर कोरलेल्या आकड्यांत रंग भरणे. हे काम दिसण्यापुरते नसून वापरासाठीही आवश्यक आहे. ॲपर्चरच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात. प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे १.४ पट, आणि प्रत्येक पायरीला आत येणारा प्रकाश निम्मा. ८ आणि ११ पुसट झाले तर अंदाज दुपटीने चुकतो. दुसऱ्या कड्यावर अंतरे असतात. पुष्कळ लेन्सवर ती फूट आणि मीटर अशा दोन्ही मापांत, दोन निरनिराळ्या रंगांत कोरलेली आढळतात. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली आणि १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी चलनात आणली. छायाचित्रकारांच्या एका पिढीने मात्र त्यानंतरही विषयापर्यंतचे अंतर फुटांतच मोजले, हे या कड्यांच्या झिजेवरून कळते. ज्या आकड्यांवर बोट अधिक फिरले, त्यांचाच रंग अधिक गेलेला असतो.

रंगांची निवड मनाची नसावी. निक्कॉरच्या अनेक जुन्या लेन्सवर ॲपर्चरचा प्रत्येक मोठा आकडा ज्या रंगात, त्याच रंगात क्षेत्रखोली दाखविणारी रेषांची जोडी असते. कोणत्या ॲपर्चरला कुठपासून कुठपर्यंतचे स्पष्ट येईल, हे रंग जुळवून कळते. तेथे हौसेने सगळीकडे पांढरा भरला तर लेन्स सुंदर दिसेल आणि मुकी होईल. लाल ठिपका अवरक्त फिल्मसाठी असू शकतो, लेन्स कॅमेऱ्यावर चढविण्याच्या खुणेचा असू शकतो. त्याच नमुन्याच्या दुसऱ्या लेन्सचे स्पष्ट चित्र समोर ठेवल्याशिवाय रंगाची डबी उघडू नये.

आकडे खरोखरच कोरलेले आहेत की वर छापलेले, हे नखाने चाचपून पाहावे. अलीकडच्या पुष्कळ लेन्सवर ते छापलेले असतात. खाच नसेल तर रंग धरणार नाही, आणि पुसताना उरलेलाही जाईल. खाच असेल तर प्रथम मळ काढावा. दात कोरायची लाकडी काडी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेला कापूस एवढे पुरते. त्याआधी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर ते लावून मूळ रंग विरघळत नाही, याची खात्री करावी. ॲसिटोन म्हणजेच नखांचा रंग काढण्याचे द्रावण, आणि सुताराकडचा थिनर, यांना लेन्सजवळ आणू नये; प्लॅस्टिकची कडी आणि जुना लेप दोन्ही त्यांनी खराब होतात. लेन्सची दोन्ही टोके झाकणांनी बंद असावीत.

रंग इनॅमलचा घ्यावा. निव्वळ पांढरा जुन्या लेन्सवर अंगावर येतो. त्यात पिवळ्या-तपकिरीचा लवलेश मिसळला की शेजारच्या मूळ आकड्यांशी तो जुळतो. बारीक कुंचल्याने किंवा काडीच्या टोकाने खाच भरावी, काठाबाहेर थोडे गेले तर जाऊ द्यावे. पाच-दहा मिनिटांनी रंग थोडा आवळला, की जाड कागदाच्या सपाट तुकड्याभोवती सुती कापड ताणून, ते टर्पेंटाइनने जेमतेम ओलावून, खाचेच्या आडव्या दिशेने एकदाच हलकेच फिरवावे. बोटाने पुसू नये. बोट मऊ असल्याने खाचेत उतरते आणि भरलेला रंगच उचलून आणते. एका वेळी एकच रंग भरावा आणि दुसऱ्याची वाट दुसऱ्या दिवशीपर्यंत पाहावी. पूर्ण कडक होण्यास इनॅमलला अनेक दिवस लागतात, पावसाळ्यात त्याहून अधिक. तोवर लेन्स पेटीत बंद करू नये. फोकसचे आटे, समोरचे फिल्टरचे आटे आणि कॅमेऱ्याला टेकणारे कडे यांवर रंगाचा थेंबही पडता कामा नये.

उरला प्रश्न नळीच्या उघड्या पितळेचा. येथे हौस आणि हित यांची गाठ पडते. काळ्या लाखेच्या लायकांसारख्या संग्राह्य वस्तूंच्या बाजारात मूळ रंग, मग तो झिजलेला का असेना, पुन्हा रंगविलेल्याहून अधिक मोलाचा मानला जातो. याचे कारण केवळ भावनिक नाही. साध्या रूपेरी कॅमेऱ्याला काळा रंग देऊन तो दुर्मीळ म्हणून खपविण्याचे प्रकार झालेले असल्यामुळे जाणकार ग्राहक ताज्या रंगाकडे संशयानेच पाहतो. प्रामाणिक झीज कडांना आणि पकडीच्या जागी असते. जेथे बोट जात नाही तेथे झिजलेली आणि जेथे बोट जाते तेथे कोरी असलेली लेन्स पाहिली, की त्याला काय ते कळते. त्यामुळे विकण्याचा किंचितही विचार असेल तर नळीला हात लावू नये. घरातच ठेवायची असेल आणि पितळ हाताच्या घामाने हिरवट पडत असेल, तर तेवढ्याच जागी अर्धचकाकीच्या काळ्या इनॅमलचा पातळ हात देण्यास प्रत्यवाय नाही. ॲल्युमिनियमच्या ओरखड्यांना तेवढाही उपचार सहसा लागत नाही, कारण उघड्या ॲल्युमिनियमवर हवेने आपोआपच संरक्षक थर चढतो.

काम झाल्यावर एका लहान चिठ्ठीवर लेन्सचा क्रमांक, कोणते आकडे भरले, कोणत्या कंपनीचा आणि कोणता रंग वापरला व कोणत्या महिन्यात, एवढे लिहून ती सिलिका जेलच्या पुडीबरोबर पेटीत ठेवावी. पुढे लेन्स विकली गेल्यास ही चिठ्ठी ग्राहकाच्या हाती द्यावी. दुरुस्तीकाराकडे गेल्यास कोणते द्रावक वापरायचे, ते त्याला तीवरूनच ठरविता येते.